भिंतीवरच्या तीन रेघा

(राजाराम बंधारा, कसबा बावडा. झिमझिम पाऊस, पुलाखाली गढूळ पाणी.)

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळच्या चहाआधी एकच चौकशी असते, "पंचगंगा किती फुटांवर?" उत्तर या बंधाऱ्यावरून येतं. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. आकडा मोबाइलवर फिरतो आणि चिखली-आंबेवाडीत त्यावरच ठरतं, जनावरं आज हलवायची की उद्या.

हा झाला एक आकडा. त्याच्यामागे किती आकडे आहेत, बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा नद्या मिळून पंचगंगा होते. गगनबावड्यात रात्रभर किती पडला? राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे, त्यातला एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं. आता किती उघडे आहेत? आणि खाली नरसोबाच्या वाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णाच तुंबली असेल, तर इथलं पाणी ओसरायचं नाव घेत नाही. यात उपग्रहाची छायाचित्रं मिसळा, रडारवरचे ढग मिसळा. एवढं सगळं, इतक्या तऱ्हांचं, दर काही मिनिटांनी बदलणारं. वहीत ते मावत नाही, एका माणसाच्या डोक्यातही नाही. यालाच बिग डेटा म्हणतात. आकारमान, वेग आणि विविधता ही त्याची तीन लक्षणं डग लेनी या विश्लेषकाने २००१ मध्ये मांडली.

(शिरोलीचा महामार्ग. वाहनांची रांग.)

२०१९ आणि २०२१ च्या पुरात हा रस्ता पाण्याखाली गेला होता. एरवी इथं गाड्या तुंबल्या की फोनमधल्या नकाशावर रस्ता लाल होतो. नकाशाला कळतं कसं? रांगेतले फोन मुंगीच्या पावलानं सरकतायत, त्यावरून. त्या लाल रेषेत तुमचाही फोन असतो. आपण काही लिहिलं नाही, भरलं नाही, तरी आपली नोंद झाली.

म्हणूनच ही नोंद कुठं जाते, हे विचारायला हवं. पूर ओसरल्यावर पंचनाम्याला माणूस आधार क्रमांक देतो, बँकेचं खातं देतो, चिखलात उभा राहून देतो. ती माहिती त्याच कामापुरती राहिली पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला.

आणि ज्याच्याकडे फोनच नाही, तो या नकाशात नाही. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

(नदीकाठचं एक घर. ओल चढलेली भिंत.)

या भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला ऑइलपेंटच्या तीन रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. प्रत्येक पुरात पाणी कुठवर चढलं, ते घरच्यांनीच रंगवून ठेवलंय. बंधाऱ्यावरचा आकडा नदीचा असतो. या रेघा एका उंबऱ्याच्या आहेत, आणि पुराचा अंदाज गल्लीपर्यंत आणायचा तर नेमक्या अशाच नोंदी लागतात.

आम्ही टेप लावून तिन्ही रेघा मोजल्या, साल घालून वहीत उतरवल्या. निघालो, तर शेजारच्या दारातून काकूंनी हाक मारली.

"आमच्या बी भिंतीवर हाईत की रेघा. या, मोजून जावा."