सुरी लागण्याआधीची दहा मिनिटं

मंडळी, स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं, की पेशंटच्या घरचं कोणीतरी मला दाराबाहेर गाठतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "डॉक्टर, सुरी लागली की कॅन्सर पसरतो म्हणे?" याच भीतीपोटी बायका महिनोन् महिने गाठ लपवून ठेवतात. आमच्याकडे येतात तेव्हा ती कधी कधी फुटलेली असते.

म्हणून आज डॉ. राजेंद्र बडवे यांच्या कामाबद्दल बोलायचंय. ते मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले सर्जन, पुढे टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक झाले. स्वतःच्या हातात सुरी असलेल्या या माणसाने तो प्रश्न अडाणीपणाचा म्हणून उडवून लावला नाही. ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांत, अगदी मिनिटांत शरीरात काय होतं, याचाच ते वर्षानुवर्षं माग काढत राहिले.

सुरुवात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जुन्या नोंदींपासून झाली. पाळी चालू असलेल्या २४९ स्त्रियांच्या त्या नोंदी. शेवटची पाळी आल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांच्यातल्या ५४ टक्के दहा वर्षांनी हयात होत्या. इतर दिवसांत झालेल्यांत हेच प्रमाण ८४ टक्के होतं. १९९१ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आता, जुन्या नोंदी फसवूही शकतात. दुसऱ्या काही गटांना असा फरक दिसला नाही. पण बडव्यांनी वाद घालत बसण्यापेक्षा चाचणी करायचं ठरवलं. टाटामध्ये सुमारे एक हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाचं, एकच इंजेक्शन दिलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोचलेल्या स्त्रियांत मात्र दिसला. २०११ साली त्यांनी दोन्ही गोष्टी तशाच मांडल्या, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो इथे.

माझ्या मनात घर करून राहिलेली चाचणी त्यानंतरची. दात काढताना, टाके घालताना आपण जागा बधिर करतो ते लिग्नोकेन तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातही त्याची बाटली कपाटात असतेच. हे औषध पेशींच्या पडद्यावरची सोडियमची दारं बंद करतं. अशी दारं कॅन्सरच्या पेशींवरही असतात आणि त्या पेशींच्या हालचालीत त्यांचा हात असतो. मग गाठीला सुरी लागायच्या आधीच ती बंद केली तर? पेशंट पूर्ण भुलीखाली असताना गाठीच्या चहूबाजूंनी अर्धा टक्का लिग्नोकेन टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मग गाठ काढायची. एवढंच.

२०११ ते २०२२ या काळात भारतातल्या ११ केंद्रांवर १,६०० स्त्रिया यात सामील झाल्या. कोणाला टोचायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. पाच वर्षांनी आजार न उलटता हयात असलेल्यांचं प्रमाण टोचलेल्या गटात ८६.६ टक्के, न टोचलेल्या गटात ८२.६. एकूण जगण्याचं प्रमाण ९०.१ विरुद्ध ८६.४. म्हणजे शंभरामागे जवळजवळ चार बाया जास्त जगल्या, आणि खर्च एका पेशंटमागे शंभर रुपयांच्या आत! यातून कुठल्याही कंपनीला मोठा नफा होणार नाही, त्यामुळे असा प्रश्न सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेनेच विचारायला हवा होता. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, मग फरक औषधाचा की नुसत्या टोचण्याचा, हा आक्षेप रास्त आहे. इतर देशांतही ही चाचणी पुन्हा व्हावी असं मला मनापासून वाटतं.

दाराबाहेर गाठणाऱ्या माणसाला मी आता उभ्या उभ्या उत्तर देत नाही, खुर्ची देऊन बसवतो. सांगतो, "ऑपरेशनच्या वेळी काही पेशी हलत असतील ही शंका खोटी नाही, मोठ्या डॉक्टरांनी तिच्यावर आयुष्य घालवलंय. पण त्या चाचणीत इंजेक्शन न घेतलेल्या शंभरातल्या शहाऐंशी बायासुद्धा पाच वर्षांनी हयात होत्या, आणि गाठ त्या प्रत्येकीची काढलेली होती. तुमच्या आईची गाठ तशीच ठेवली तर ती थांबणार नाही." मग विचारतो, ऑपरेशनसाठी सोमवारी आणाल की मंगळवारी?