बातमी ओसरली, धोका ओसरलेला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मे २०१७ मध्ये मॉस्कोजवळच्या एका छोट्या शहरात स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह नावाचे निवृत्त लष्करी अधिकारी वारले. जगभरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली ती थेट सप्टेंबरमध्ये. तोवर कुणाला पत्ताच नव्हता.

हे पेत्रोव्ह कोण? २६ सप्टेंबर १९८३ ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मॉस्कोच्या दक्षिणेला एका गुप्त तळावर लेफ्टनंट कर्नल पेत्रोव्ह ड्यूटीवर होते. अमेरिकेच्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या तळांवर सोव्हिएत उपग्रहांची नजर असायची आणि ते काय कळवतात, हे पाहणं त्यांचं काम होतं. अचानक भोंगा वाजला. अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटल्याचं यंत्र सांगू लागलं. मग दुसरं, तिसरं, अशी पाच. काळ आधीच तापलेला. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, त्यात २६९ माणसं गेली होती. पेत्रोव्ह यांनी वर कळवलं, की यंत्रात बिघाड आहे. हल्लाच करायचा तर कुणी पाच क्षेपणास्त्रांनी सुरुवात करणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. जमिनीवरच्या रडारलाही काही दिसत नव्हतं. पण खात्री कसलीच नव्हती. पुढची काही मिनिटं नुसती वाट पाहण्यात गेली आणि काहीच येऊन आदळलं नाही. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला उपग्रह क्षेपणास्त्राची ज्वाळा समजला होता, हे नंतर निष्पन्न झालं.

हा एकच प्रसंग असता तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण केंद्रात सरावासाठीची माहिती चुकून खऱ्या यंत्रणेत शिरली आणि पडद्यावर मोठा सोव्हिएत हल्ला दिसू लागला. जानेवारी १९९५ मध्ये ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारं नॉर्वेचं रॉकेट रशियाच्या रडारवर संशयास्पद ठरलं आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांच्या आदेशाची ब्रीफकेस उघडली गेली. तेव्हा तर शीतयुद्ध संपलेलं होतं.

ऐंशी वर्षांत अणुयुद्ध झालं नाही, म्हणजे अण्वस्त्रांच्या धाकाने एकमेकांना रोखण्याची ही व्यवस्था भरवशाची आहे, असं शहाणीसुरती माणसं सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. पेत्रोव्ह यांच्या जागी त्या रात्री नियमावर बोट ठेवणारा दुसरा कुणी असता तर काय झालं असतं, हे ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही. नशिबाने वाचलो, त्याला आपण व्यवस्थेचं यश म्हणतो आहोत.

आणि ही व्यवस्था आजही तशीच उभी आहे. नऊ देशांकडे मिळून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत, त्यातली बहुतेक अमेरिका आणि रशियाकडे. त्यातली सुमारे दोन हजार आदेश मिळताच काही मिनिटांत सुटतील अशा तयारीत ठेवलेली असतात. एका खंडातून निघालेलं क्षेपणास्त्र दुसऱ्या खंडात अर्ध्या तासात पोहोचतं, पाणबुडीतलं त्याहूनही लवकर. तेवढ्या वेळात इशारा खरा की खोटा हे ठरवायचं आणि कोट्यवधी माणसांचा निर्णय घ्यायचा! जी शहरं वाचतील त्यांचंही खरं नाही. जळत्या शहरांचा धूर वातावरणात उंच जाऊन ऊन अडवेल आणि जगभर पिकं बुडतील. अमेरिका आणि रशिया यांच्यात असं युद्ध झालं तर पाच अब्जांहून अधिक माणसं मरू शकतील, बहुतेक उपासमारीने, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडला.

लोक कायम असे बेफिकीर नव्हते. १२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे दहा लाख माणसं अण्वस्त्रांविरुद्ध जमली होती. युरोपातही लाखोंचे मोर्चे निघत होते. पाच वर्षांत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या करारावर सह्या केल्या. १९८० च्या दशकात सत्तर हजारांवर गेलेली अण्वस्त्रं पुढे बारा हजारांवर आली, त्यामागे या लोकांच्या रेट्याचा मोठा वाटा आहे.

पण आकडा उतरला तसं आपलं लक्षही उडालं. तो मध्यम पल्ल्याचा करार २०१९ मध्ये मोडीत निघाला. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या, अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या 'न्यू स्टार्ट' करारामुळे दोन्हीकडचे निरीक्षक एकमेकांच्या तळांवर जाऊन अण्वस्त्रं मोजायचे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे हे थांबलं. साथ ओसरली, पण निरीक्षक परत गेलेच नाहीत. २०२३ मध्ये रशियाने या करारातला आपला सहभागच स्थगित केला. शत्रूच्या तळावर जाऊन मोजदाद करणारी माणसं घरी बसली, ही मला गेल्या काही वर्षांतली अत्यंत गंभीर बातमी वाटते. ती किती ठिकाणी ठळक छापून आली? एखाद्या नेत्याने धमकी दिली की पडद्यावर नकाशे येतात, लाल वर्तुळं येतात, चढ्या आवाजात चर्चा झडतात. दोन दिवसांनी वर्तुळं जातात. क्षेपणास्त्रं तिथेच, त्याच तयारीत असतात.

डिसेंबर २०२४ मध्ये जपानच्या अणुबॉम्बग्रस्तांच्या संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं. ते स्वीकारताना ९२ वर्षांचे तेरुमी तानाका ऑस्लोमध्ये बोलले. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते १३ वर्षांचे होते, त्यात त्यांचे पाच नातलग गेले. वाचलेल्यांचं सरासरी वय आता ८६ च्या पुढे गेलं आहे. त्यांचं ते भाषण मिळवून जरूर वाचा, आणि घरातल्या मुलांनाही वाचून दाखवा.

पत्रकार मित्रांकडे माझी कळकळीची मागणी आहे. पुढच्या वेळी कुणी अणुबॉम्बची भाषा करेल, तेव्हा केवळ धमकी छापू नका. दोन देशांमधली हॉटलाइन चालू आहे का, ते विचारा. निरीक्षक पुन्हा कधी जाणार, वाटाघाटींना तारीख ठरली आहे का, तेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापा, आणि महिन्याभराने पुन्हा विचारा. श्रोतेहो, आपल्या संपादकांना हे पत्राने कळवण्याचं काम तुमचं आणि माझं.

नमस्कार.