खांद्यावरची गाठ, सोळा-सतरा पानावर

[दृश्य : रेखाटनांची वही]

मंचावरच्या नाचात दिसते ती गोव्यातल्या कुणबी बायकांची साडी कडक इस्त्रीची. शेतातली तशी नसते. चिखलात काठ भिजू नये म्हणून ती आखूड नेसतात, आणि हात मोकळे राहावेत म्हणून पदराची खांद्यावर गाठ मारतात. गोव्याच्या पेहरावाचं चित्रपुस्तक मुलांसाठी करायचं, तर आधी हे कळायला हवं. नुसती नटवलेली बाहुली काढून भागत नाही.

म्हणून इथं नेसण्याच्या चार पायऱ्या काढल्या आहेत. कमरेचा वेढा, निऱ्या, वर घेतलेला पदर आणि शेवटी गाठ. चुण्या कुठून ओढल्या जातात ते पाहा : सगळ्या गाठीकडे. चित्रकाराने हा ताण सोडला, की गाठ खांद्यावर चिकटवलेल्या बटणासारखी दिसते. मांडणी करताना चित्र आरशासारखं उलटवायचा मोह होतो. तसं केलं की गाठ दुसऱ्या खांद्यावर जाते आणि नेसणंच खोटं ठरतं.

[दृश्य : लाल-पांढरी चौकडी, अगदी जवळून]

या चौकडीचा फोटो थेट छापायला घेतला, तर विणीचे धागे आणि छपाईचे ठिपके एकमेकांवर चढून कापडावर नसलेल्या लाटा उमटतात. म्हणून चौकडी हाताने काढायची. लाल रंग मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळ्या शाईतून येतो. त्यात निळा मिसळला की तो विटकरी होतो. पांढरी रेघ म्हणजे कोरा कागद. प्लेट, म्हणजे एकेका शाईचा छपाईचा पत्रा, केसभर सरकली तरी तिच्या कडेला गुलाबी छटा येते, म्हणून रेघ अर्ध्या मिलिमीटरहून बारीक नको.

[दृश्य : छापखाना, घडी घालताना]

बत्तीस पानं, सोळा पानांचे घडी घातलेले दोन कागद (फर्मे) एकात एक, आणि मधल्या घडीवर मारलेली पिन (सेंटर पिन). अशा पुस्तकात समोरासमोरची दोन पानं एकाच कागदावर सलग येतात ती फक्त मधोमध, सोळा आणि सतरा. बाकी सगळीकडे डावं पान एका कागदाचं, उजवं दुसऱ्याचं. घडी जराशी हलली की चौकडीची रेघ तुटते. म्हणून पसरलेली साडी मध्यावरच. चारही कडांना तीन मिलिमीटर जादा रंग, नाहीतर कटिंगनंतर पांढरी पट्टी राहते.

पानो-भाजूला दोनच पानं मिळाली आहेत. मांडो हा गोव्याचा गाण्याचा नाच नाचताना घालायचा हा ख्रिस्ती बायकांचा जरीचा पेहराव दिसायला श्रीमंत, पण जरीचं सोनं छापायला अवघड : छपाईच्या साध्या चार रंगांत (निळा, मॅजेंटा, पिवळा, काळा) सोनं मोहरीसारखं पिवळट येतं. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती झालेल्यांना पुडवें (धोतर) आणि चोळी वापरायला बंदी केली, ती हकिकत याच पानावर, तळाच्या चौकटीत.

[दृश्य : काळ्या शाईची प्लेट]

मजकूर सगळा फक्त काळ्या शाईत. त्यामुळे कोकणी आवृत्तीला चित्रांच्या तीन रंगीत प्लेटा तशाच राहतात, काळी तेवढी बदलायची. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं कोरली, तर चारही प्लेटा नव्याने कराव्या लागतात. मुखपृष्ठावरचं शीर्षकसुद्धा म्हणून काळंच ठेवलं आहे. शाळांच्या वाचनालयांना परवडेल अशी किंमत अशीच जमते.