क ला काना का, त्याला लोकेशन कशाला?

नमस्कार मंडळी. चहाचा कप एका हातात असेल तर दुसऱ्या हातात मोबाईल असणारच, तो राहू द्या, लागणार आहे.

तर झालं काय, आमची लेक सिनियर केजीत. जूनमध्ये शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, सगळ्यांनी आज संध्याकाळपर्यंत हे अॅप घ्या, होमवर्क आता यावरच. घेतलं बाई. उघडल्या उघडल्या प्रश्नांची सरबत्ती, मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो, मग लोकेशन पाहिजे, माइक पाहिजे, कॉन्टॅक्ट्स पाहिजेत, आणि मी आपली कुकरच्या शिट्ट्या मोजत अलाव, अलाव दाबत सुटले. कॉन्टॅक्ट्सला हात थांबला. अहो, त्यात आमचा दूधवालापण आहे, त्याला काय बाराखडी शिकवणार?

आता घरचे म्हणाले तुझं डोकं जरा जास्तच चालतं. पण 2022 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं 49 देशांतली, कोरोनात सरकारांनी शाळेसाठी सुचवलेली अॅप आणि वेबसाइट तपासल्या, तर त्यातल्या 89 टक्के मुलांच्या माहितीशी नको ते खेळ करणाऱ्या निघाल्या. त्यात आपलं सरकारी दीक्षासुद्धा होतं. बालभारतीच्या पुस्तकातला तो क्यूआर कोड स्कॅन केला की उघडतं ना, तेच. पोरगं नेमकं कुठं आहे हेसुद्धा ते अॅप टिपू शकत होतं. पाढे पाठ करणारं पोर कुठल्या गल्लीत बसलंय याच्याशी पाढ्यांचा काय संबंध, मला अजून कळलेलं नाही.

कायदा आहे हो. 2023 चा, डिजिटल वैयक्तिक डेटाचा. 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईबापाची परवानगी लागते, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी, दंड 200 कोटींपर्यंत. नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने. शाळांना अभ्यासापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती सूट आहे, ते ठीकच.

तोपर्यंत मोबाईल आपल्याच हातात आहे. सेटिंग्जमध्ये अॅप्स, तिथं ते अॅप, मग परमिशन्स. मी लोकेशन, कॉन्टॅक्ट्स दोन्ही बंद केलं, माइक 'दरवेळी विचारा'वर ठेवला. अॅप तस्सं चाललं, एक गाणंसुद्धा अडलं नाही! आणि वर्ष संपलं की अॅप नुसतं उडवू नका, अकाउंट डिलीट करायला सांगा, नाहीतर माहिती तिकडे त्यांच्याकडे पडूनच राहते. मी मॅडमना विचारलंपण, ही माहिती ते किती दिवस ठेवतात? म्हणाल्या, "अहो ताई, मला काय माहीत, वरून आलंय." त्यांचं तरी काय चुकलं, त्यांनाही कुणी सांगितलेलं नसणार.

फोटोच्या जागी आम्ही मांजर लावलं, नाव टाकलं चिऊ, जन्मवर्ष खरं ठेवलं पण तारीख 1 जानेवारी. उद्या माहिती फुटली तर पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख थोडीच बदलता येते? फक्त एक घोळ झाला. 1 जानेवारीला सकाळी सकाळी अॅपमध्ये फुगे उडाले, हॅपी बर्थडे चिऊ, आणि आमची चिऊ हटूनच बसली, केक कुठाय. आणावा लागला.