परत आलेल्या कॅपांची डबी

(दृश्य: मिलिंग मशीन, उडणारी पांढरी धूळ)

ही झिर्कोनियाची चकती, दातांच्या कॅप बनवायच्या सिरॅमिकची. आत्ता खडूसारखी मऊ आहे. तिच्यातून कोरलेली दाढ मुद्दाम मोठी ठेवतात. भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपास ती वीसेक टक्के आटते आणि मगच मापाला येते.

नाशिकमधली, कॉलेज रोडच्या मागची ही लहानशी डेंटल लॅब. दवाखान्यांतून दातांची मापं आणायला आणि तयार कॅप पोचवायला एक मुलगा स्कूटरवरून पंचवटी ते सिडको फिरत असतो.

झिर्कोनियात भेग पडू लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक रचना बदलतात, किंचित फुगतात आणि भेग तिथल्या तिथे आवळली जाते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९७५ साली हे मांडलं. एवढा चिवट पदार्थ, पण हा प्रकार नुसता लावला तर पांढराफटक दिसतो. म्हणून त्यावर पोर्सिलेन चढवतात.

(दृश्य: ब्रश, अगदी जवळून)

ब्रशच्या टोकावर ओल्या भुकटीचा थेंब. हिरडीकडे पिवळसर छटा, चावायच्या कडेला काचेसारखी. थर ठेवायचा, हलका ठोका द्यायचा, वर आलेलं पाणी टिश्यूनं टिपायचं. पुन्हा थर. हे दादा बावीस वर्षं हेच काम करताहेत आणि ठोका देताना अजूनही श्वास रोखून धरतात.

भट्टीचं काम झालं, तरी दादा ती उघडत नाहीत. झिर्कोनियातून उष्णता सावकाश निघते. कॅप एकदम गार हवेत काढली तर वरच्या थरात ताण अडकतो, आणि काही वर्षांनी फुटाणा चावताना टवका उडतो. मजबुती मेगापास्कलमध्ये मोजतात: खालचा झिर्कोनिया नऊशेच्या पुढचा, वरचं पोर्सिलेन जेमतेम शंभरच्या घरातलं. २०१५ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात पाच वर्षांनी धातूवरच्या पोर्सिलेन कॅप ९४.७ टक्के टिकल्या होत्या, झिर्कोनियाच्या ९२.१ टक्के. सिरॅमिकमधला सगळ्यात मजबूत पदार्थ मागे पडला, त्यात या टवक्यांचा वाटा होता. भट्टीपुढचा हा अर्धा तास म्हणून मोलाचा.

(दृश्य: पत्र्याची डबी)

ही दादांची डबी. परत आलेल्या कॅप. प्रत्येकीला चिठ्ठी: साल, दात, शेड. लॅबला शिकवणारं एवढंच. ज्या टिकल्या त्यांची खबर इथे कुणी आणून देत नाही.

ती खबर ठेवता येते. स्वित्झर्लंडमधल्या एका खासगी दवाखान्यात दाढांमध्ये बसवलेल्या सिरॅमिक इनलेंची, म्हणजे दाढेतल्या खड्ड्यात बसवायच्या तुकड्यांची, नोंद सत्तावीस वर्षांपर्यंत ठेवली गेली, ८७.५ टक्के शाबूत निघाल्या. एकच दवाखाना, पण वही नेमानं भरलेली. नाशिकमध्ये डेंटल कॉलेज आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत. वही इथेही भरता येईल.

(दृश्य: पंचवटीतला दवाखाना)

“मावशी, चावा. आता डावीकडे. घासा थोडं.”

मावशींना साल आठवतं ते सिंहस्थावरून. २०१५ च्या शाही स्नानाच्या आधी कॅप बसवली, आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय. दातांमध्ये धरलेल्या निळ्या कागदाचा एक ठिपका कॅपवर जास्त गडद उमटलाय. डॉक्टर तेवढंच घासतात, मग रबरानं चकाकी आणतात, कारण खडबडीत सिरॅमिक समोरचा दात झिजवतं आणि स्वतःही तिथूनच तडकतं. कडेखाली कीड शिरली तर कॅप शाबूत राहूनही दात जातो. मावशींची कड स्वच्छ आहे.

डॉक्टर फोटो काढतात. कागदावर लिहितात: दाढ, पदार्थ, बसवल्याचं साल, आजची तारीख.

(दृश्य: लॅब, संध्याकाळ)

दादांच्या फोनवर तोच फोटो. दोन बोटांनी ते तो मोठा करतात, कडेपाशी थांबतात. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघतात.