पोराला खर्रा आणायला पाठवू नका

श्रोतेहो, नमस्कार.

मी दातांची डॉक्टर. पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे आणि गेली काही वर्षं आसपासच्या शाळांमध्ये मुलांचे दात तपासायला जाते. आज खर्र्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोट्याबद्दल बोलायचं आहे, पण त्याआधी माझं एक काम करा. हात स्वच्छ असतील तर बसल्या जागी तोंड पूर्ण उघडा आणि तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ही तीन बोटं एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. सहज गेली? छान. आता घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्यालाही हाक मारा. त्यानं त्याच्या स्वतःच्या बोटांनी करून बघायचं.

एका शाळेत आठवीचा वर्ग रांगेत उभा करून मी हेच करून घेत होते. मुलं हसत होती, एकमेकांची तोंडं बघत होती. एक मुलगा मात्र हळूच म्हणाला, "मॅडम, दोन जाते, तिसरं नाही जात." मी त्याला खिडकीजवळ नेलं. गालाची आतली बाजू गुलाबी असायला हवी, त्याची पांढुरकी पडली होती. बोट फिरवलं तर मऊ लागायच्या जागी सुतळीसारखे ताठ पट्टे लागत होते. त्याला विचारलं, जेवताना काही त्रास? तर म्हणे भाजी तोंडात घेतली की आग होते. घरी आईला सांगितलं तेव्हा जेवणाचे नखरे करतो म्हणून बोलणी खाल्ली होती.

या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तोंडाची आतली कातडी आवळत जाते, जबडा उघडेनासा होतो आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. आवळलेली कातडी पुन्हा पहिल्यासारखी मऊ करील असं औषध माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही. हा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू न घालता, कर्करोग करणारी म्हणून जाहीर केली. खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही घोटलेलं असतं. लग्नात लेकरांच्या हातावर गोड सुपारीची पुडी ठेवतो ना आपण, कौतुकानं, तीसुद्धा सुपारीच.

त्या मुलाला मी विचारलं, कोणी शिकवलं रे? एखाद्या मित्राचं नाव येईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "कोणीच नाही शिकवलं. बाबाचा खर्रा आणायला जात होतो न जी." तिसरीत असताना. वाटेत पन्नीची गाठ सोडायची, चिमूटभर तोंडात टाकायचं, पुन्हा तशीच गाठ मारायची. बाबांना कधी कळलं नाही, इतकी चांगली गाठ तो मारायचा.

त्या दिवसापासून मी प्रत्येक शाळेत एक प्रश्न विचारते. घरच्यांसाठी खर्रा, तंबाखू, बिडी आणायला कोण कोण जातं? हात वर होतात. पहिल्या बाकावरचेही होतात, मुलींचेही होतात. कोणाला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही, कारण मोठ्यांनी सांगितलेलं काम आहे ते.

२०१९ मध्ये देशभरातल्या शाळांमधून १३ ते १५ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. देशात शंभरातली साधारण साडेआठ मुलं तंबाखू घेत होती, महाराष्ट्रात साधारण पाच. आपला आकडा कमी आहे म्हणून हायसं वाटलं असेल तर पुढचं ऐका. देशात ज्या मुलांनी खाण्याची तंबाखू घेऊन पाहिली होती, त्यांतल्या ५२ टक्के मुलांनी ती दहा वर्षांची व्हायच्या आत घेतली होती. दहा वर्षांच्या आत म्हणजे चौथीच्या आत. वाईट संगत, वाईट संगत म्हणून आपण कॉलेजच्या पोरांना दटावतो. चौथीतल्या लेकराची संगत कोण असते? आपणच ना?

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. २००३ च्या तंबाखू कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीच करता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाच्या हाती दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि खर्राही त्यात आला. तरी खर्रा मिळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून एका शाळेनं काय केलं ते सांगते. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत शंभर यार्डांवर पिवळा पट्टा मारायचा असतो. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. सरांनी ते काम मुलांनाच दिलं. कबड्डीचं मैदान आखायचा टेप घेऊन पोरं फाटकापासून निघाली. रस्त्यावरची बाया-माणसं थांबून बघू लागली. ८३ मीटरवर पानठेला आला. टेप धरणारी मुलगी तिथं थांबली आणि ठेल्यावरच्या भाऊंना म्हणाली, "काका, तुम्ही आत आले." काकांचाच मुलगा टेपचं दुसरं टोक धरून उभा होता.

काकांनी ठेला पट्ट्यापलीकडे नेला. पण मला जास्त मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. गावसभेत बायकांनी त्यांना गळ घातली की लेकराच्या हाती काहीच द्यायचं नाही, बाबासाठी आहे म्हणालं तरी नाही. त्यांनी मान्य केलं. आणि भांडायला कोण आलं? वडील. "माझे पैसे, माझा खर्रा, पोराला परत कसा पाठवतो?" दोन-तीन दिवस रोज संध्याकाळी कटकट. काका मला म्हणाले, मॅडम, पोरं ऐकतात, बापांना समजावा. तेव्हापासून पालकसभेत मी मुलांना उपदेश करत नाही, पालकांशीच बोलते.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात हे काम गावोगाव चाललं आहे. १९९३ मध्ये लोकांच्या आंदोलनातून तिथं दारूबंदी झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू केलं. गावाची संघटना उभी राहते, त्यात बाया पुढे असतात, आणि दारू-खर्र्याची विक्री गावच बंद करायला लावतं. ज्यांना सोडायचं आहे त्यांच्यासाठी तालुक्याला क्लिनिक चालतं. पोलीस एका दिवसासाठी येतात. शेजारीण रोज दारात असते. तिची नजर चुकवून खर्रा आणणं पोराला अवघड जातं.

गावानं ठरवण्यासारखं पुष्कळ आहे. पाहुण्याला खर्रा द्यायचा नाही, चहा द्यायचा. रोवणीच्या दिवसांत बांधीवर मजुरांना खर्रा वाटतात, तिथं गूळ-दाणे किंवा भिजवलेले चणे द्यायचे. आणि पोरांना संध्याकाळी जागा हवी. एका गावात ग्रामपंचायतीनं व्हॉलीबॉलच्या जाळीजवळ एक दिवा लावून दिला, तेवढ्यानं सात ते नऊ पोरं तिथं असतात. आधी ती पुलाच्या कठड्यावर असायची.

आणि आपलं मूल खाताना सापडलं तर? हात उचलू नका, हात जोडून सांगते. मारलं की ते सोडत नाही, लपवायला शिकतं. सोडताना सुरुवातीचे काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं दुखतं. आवळ्याची फोड, बडीशेप द्या. सुपारी नको. तेवढे दिवस त्याच्या चिडण्यावर आपण चिडायचं नाही. मदतीला सरकारची मोफत क्विटलाइन आहे, लिहून घ्या: १८००-११-२३५६. वडिलांनीही हाच नंबर लावायचा, मुलाच्या आधी लावला तर फारच बरं.

तो दोन बोटांचा मुलगा आता दहावीत आहे. त्यानं खर्रा सोडला. रोज सकाळी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरतो, जबड्याचा व्यायाम म्हणून. सुरुवातीला चौदा काड्या मावायच्या, आता सतरा मावतात. तिसरं बोट अजून जात नाही. पूर्ण जाईलच असं मी त्याला सांगितलेलं नाही, खोटं कशाला सांगू? दर महिन्याला त्याचे वडील त्याला सायकलवर घेऊन येतात आणि काड्या स्वतः मोजतात. पुढची तारीख पोळ्यानंतरची दिली आहे.

नमस्कार.