खाडा न पडता डॉक्टर

(दृश्य: छत्रपती संभाजीनगरजवळची वाळूज एमआयडीसी, सकाळ. कंपन्यांच्या बसगाड्या, गेटबाहेर चहाच्या टपऱ्या.)

सकाळी रात्रपाळी सुटते आणि पहिली पाळी लागते, तेव्हा वाळूजच्या या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथं उभा राहिला. त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने आले. परभणी, हिंगोली, बीड, जालन्याकडची पोरं बजाजनगर, रांजणगाव, वाळूजजवळच्याच पंढरपूरच्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहू लागली. त्या वेळची पोरं आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाची कंबर धरलेली. आणि गावाकडं म्हातारे आई-वडील.

आजारी पडलं की इथल्या माणसाच्या मनात पहिला हिशेब फीचा येत नाही, खाड्याचा येतो. दिवसाचा रोज बुडतो. बऱ्याच ठिकाणी एक खाडा पडला की महिन्याचा हजेरी भत्ताही हातचा जातो. म्हणून मग मेडिकलवरून चार गोळ्या आणायच्या आणि पाळी गाठायची.

(दृश्य: जालना रोडवरची वाहतूक.)

ज्यांचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे, त्यांना राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय लागू होते. 2019 च्या जुलैपासून कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. उपचारांत बायको-मुलं येतात, अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. योजना चांगली आहे, हे आम्ही मनापासून म्हणतो. पण ईएसआयचं रुग्णालय चिकलठाण्याला, शहराच्या पूर्व टोकाला. वाळूज पश्चिमेला. मधलं सगळं शहर ओलांडून जायचं, केसपेपरच्या रांगेत थांबायचं, नंतर औषधांच्या रांगेत. पाळी बुडालीच म्हणून समजा.

काही कंपन्या आता कर्मचाऱ्यांना व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला मोफत देतात. बहुतेक वेळा तो गटविम्यासोबत येतो. मोबाइलवर ॲप, त्यात चोवीस तास डॉक्टर.

याला कायद्याचा आधार आहे. 25 मार्च 2020 ला, टाळेबंदी लागली त्याच दिवशी, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. नोंदणी असलेला डॉक्टर फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासू शकतो, चिठ्ठी लिहू शकतो. चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. काही औषधं पहिल्याच वेळी द्यायची तर रुग्णाला व्हिडिओवर पाहूनच द्यायची. आधीपासून चालू असलेलं औषध पुढं चालू ठेवता येतं. गुंगीची, नशेची औषधं मात्र अजिबात लिहायची नाहीत. आणि रुग्णाला प्रत्यक्ष बघायची गरज वाटली, तर तसं स्पष्ट सांगून त्याला दवाखान्यात पाठवणं हे डॉक्टरचं काम.

(दृश्य: एका कारखान्यातली प्रथमोपचार खोली. टेबलावर व्हिडिओसाठीचा टॅबलेट, बीपीचं यंत्र.)

ही खोली नीट बघा. ज्या कारखान्यात 500 पेक्षा जास्त कामगार, तिथं अशी खोली आणि परिचारिका हवी, हे 1948 च्या कारखाने कायद्यानंच सांगून ठेवलं होतं. आम्हाला वाटतं, फोनवरच्या डॉक्टरची खरी जागा इथंच आहे. कारण अनेक कारखान्यांत मोबाइल गेटवरच जमा होतो. ॲप मोबाइलमध्ये, मोबाइल लॉकरमध्ये, आणि माणूस आठ तास मशीनवर. मग चोवीस तासांचा डॉक्टर त्याच्या काय कामाचा?

सिस्टर कामगाराला खुर्चीवर बसवतात. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. शर्टाची बाही वर, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. पाच मिनिटं बोलायचं नाही. मशीनवरून धावत आलेल्या माणसाचं बीपी लगेच मोजलं तर आकडा चढाच येणार, आणि त्या आकड्यावर समोरचा डॉक्टर गोळी वाढवून मोकळा होणार. ही पाच मिनिटं कुठलंही ॲप पाळून घेत नाही, सिस्टर घेतात.

मग डॉक्टर पडद्यावर येतात आणि विचारतात, गोळी कोणती चालू आहे? कामगार खिशातून स्ट्रिप काढून कॅमेऱ्यासमोर धरतो. पण मेडिकलवाल्यानं चारच गोळ्या कात्रीनं कापून दिलेल्या. औषधाचं नाव छापलेला भाग दुकानातच राहिला. उरलेल्या तुकड्यावर अर्धी तारीख आणि किंमत. सिस्टर मेडिकलला फोन लावतात, नाव आणि पॉवर विचारून डॉक्टरला सांगतात. दहा मिनिटांत चिठ्ठी तयार होते. माणूस मशीनवर परत जातो. खाडा पडत नाही.

बीपी, शुगर, थायरॉइड, त्वचेचा त्रास, रिपोर्ट दाखवून घेणं, यांसाठी ही सोय उत्तम. मन थाऱ्यावर नसेल तेव्हाही. छातीत दुखून घाम फुटला, एक हात-पाय लुळा पडला, पोटात असह्य कळ आली, मशीनमध्ये बोट सापडलं, तर व्हिडिओ लावत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा.

दोन गोष्टी मात्र कुणी समजावून सांगत नाही. व्हिडिओवरच्या डॉक्टरनं विश्रांती लिहून दिली, तरी ईएसआयचा आजारपणाचा भत्ता त्यावर मिळत नाही. पगाराच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, असा तो भत्ता आहे. त्यासाठी प्रमाणपत्र ईएसआयच्याच डॉक्टरचं लागतं. आणि दुसरी गोष्ट, काय आजार आहे हे कंपनीला कळता कामा नये. बोलताना दार बंद हवं, साहेब शेजारी उभे नकोत. फिट येते हे कळलं तर मशीनवरून काढतील, टीबी कळला तर नोकरी जाईल, ही भीती खरी आहे. ती असेल तर माणूस डॉक्टरपाशीही खरं बोलणार नाही.

(दृश्य: हिंगोली जिल्ह्यातलं एक गाव. आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे गावचं आरोग्य उपकेंद्र.)

आता गावाकडं. कामगाराची आई इथं आहे. कंपनीच्या यादीत तिचं नाव असेल तर उत्तमच. अनेक ठिकाणी यादी बायको-मुलांपाशी संपते. तिला सरकारची ई-संजीवनी आहे, मोफत. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तिला समोर बसवून व्हिडिओवर डॉक्टरशी जोडून देतात. पोराला नुसतं फोनवर म्हणायचं आहे, आई, बुधवारी उपकेंद्रात जाऊन ये. त्यासाठीही त्याला सुट्टी टाकून गावी यावं लागत नाही. मन खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी फोनसेवेचा 14416 आहे, 2022 पासून, दिवसरात्र.

(दृश्य: कारखान्याचं गेट. ठेकेदाराच्या माणसांची वेगळी रांग.)

या रांगेतले लोक तेच मशीन चालवतात. पण त्यांचा मालक कागदावर ठेकेदार आहे, आणि कंपनीच्या सोयींच्या यादीत त्यांचं नाव नसतं. ज्याचा खाडा सगळ्यात महाग, त्याच्याच हातात ॲप नाही. हे आम्हाला पटत नाही. टॅबलेट तोच, सिस्टर त्याच, खोली तीच. दार सगळ्यांना उघडं ठेवायला कंपनीला असा किती खर्च येणार आहे?

(दृश्य: बीड जिल्हा, दिवाळीनंतरचे दिवस. ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरलेला.)

आणि ही ऊसतोडीला निघालेली माणसं तर कुठल्याच यादीत नाहीत. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, उसाच्या फडात. इथं खाडा पडला तर नुसता रोज बुडत नाही, वरून दंड कापला जातो. मासिक पाळीच्या त्रासानं खाडे पडू नयेत म्हणून बायांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं समोर आलं, आणि 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या कित्येकींना वेळेवर एखादी डॉक्टर बोलायला मिळाली असती, पांढरं जाण्यावर, अंगावरून जाण्यावर साधं औषध मिळालं असतं, तर गोष्ट ऑपरेशनपर्यंत गेली नसती.

त्यांना कर्मचारी म्हणायला कुणी तयार नाही. साखर कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडं. पण ऊसतोडीच्या मजुरीचा आणि मुकादमाच्या कमिशनचा करार साखर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना समोरासमोर बसून करतात. पुढच्या करारात दरासोबत एवढं लिहून घ्या: फडाजवळच्या प्रत्येक तळावर आठवड्यातून एकदा सिस्टर, टॅबलेट आणि पडद्यावर मराठी बोलणारी बाई डॉक्टर. आणि त्या वेळेचा खाडा धरायचा नाही.